धुरांड्याला लावलेला टिळा

लोटूचं एक मत होतं आणि ते तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा. आग सगळं खाते, पण धातू खात नाही. लाकूड खाते, कापड खाते, माणूससुद्धा खाते. धातू मात्र तोंडात घोळवते आणि थुंकून देते. कुठं थुंकते ते ज्याला कळलं, तो खरा भट्टीवाला.

हे त्याला पुस्तकातून कळलं नव्हतं. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून तो सुरतेला आला तेव्हा मिसरूड फुटत होतं, आणि पहिलं काम मिळालं ते कतारगामच्या एका जरीच्या भट्टीवर. जुने शालू, विटलेले शेले, फाटक्या साड्यांचे काठ पोत्यांनी यायचे. ते जाळायचे, राख धुवायची, मग शिशाच्या संगतीत पुन्हा तापवून चांदी वेगळी काढायची. एकदा काय झालं, कुणा बाईच्या शालूच्या पदराला गाठ होती ती तशीच भट्टीत गेली. संध्याकाळी बाई धापा टाकत हजर! गाठीत तिच्या सासूची सोन्याची मुदी होती. सगळे म्हणाले, गेली. लोटू म्हणाला, "जाते कुठं?" आणि तिसऱ्या चाळणीला त्यानं ती काढून दिली, वेडीवाकडी झालेली, पण वजनाला गुंजभरही कमी नाही. तेव्हापासून त्याला 'राखेचा ज्योतिषी' म्हणायचे.

त्या भट्टीवर एक रीत होती. घरी जाताना प्रत्येकानं दगडी कुंडीत हातपाय धुवायचे आणि ते पाणी कधी फेकायचं नाही. दिवाळीआधी कुंडी उपसली की तळच्या गाळातून चांदी निघायचीच. कातडीला, नखांत, केसांत बसलेली चांदी! लोटूला ही रीत फार आवडायची. पण त्याच भट्टीवर त्याचा उस्ताद पांडुरंग याचे पंजे हळूहळू मनगटापासून लोंबायला लागले. शिशाचा धूर. शेवटी शेवटी पांडुरंगाला पाण्याचा पेला धरवेना. ते पाहून लोटूनं जरीची भट्टी सोडली ती सोडली. शिशाचं नाव काढलं की पुढं आयुष्यभर त्याला ती मनगटं दिसायची.

आता खरी गोष्ट. साल अठ्ठ्याण्णव. प्लेगच्या सालानंतर सुरत अशी झाडून निघाली होती की पाहुणे ओळखायचे नाहीत. पण दवाखान्यांचा कचरा? पट्ट्या, सुया, नळ्या, नको नको ते सगळं पर्वत पाटियाच्या पलीकडं खाडीच्या काठावर यायचं आणि उघड्यावर पेटायचं. नेमकं लोटूच्या वस्तीच्या मागं. सगळी वस्ती खानदेशातली, सगळी कापडाच्या धंद्यातली. धूर यायला लागला की बाया वाळत घातलेले कपडे उचलायला धावायच्या आणि लेकरं खोकत बसायची.

अशात कामरेजच्या बाजूला एक नवी भट्टी उभी राहिली. दवाखान्यांचा कचरा जाळायची, बंदिस्त. एकामागं एक दोन खोल्या, मग धुराला चुन्याच्या पाण्याची आंघोळ, मग कापडी पिशव्यांची गाळणी आणि मग उंच धुरांडं. लोटूनं ती पाहिली आणि नवरदेवाच्या बापासारखा खूश झाला. "अरे, ही तर आमचीच कुंडी! फक्त धूर धुवायची!" तिथले इंजिनिअर प्रफुल्लभाई म्हणजे घाईघाईत बोलणारा, घाईघाईत चहा पिणारा गुजराती माणूस. त्यांनी लोटूला दहा मिनिटं बोलू दिलं आणि अकराव्या मिनिटाला भट्टीचा मुकादम करून टाकलं.

वस्तीवाले मात्र बिथरले. उघड्यावरचा धूर काय कमी होता म्हणून आता वर चिमणी? पंधरा-वीस माणसं फाटकाशी जमली. तेव्हा लोटू एका पालथ्या टोपलीवर उभा राहिला आणि म्हणाला, "या चिमणीतून विष निघालं, तर साहेबाच्या आधी मी कुलूप लावीन. लोटूचा शब्द!" लोक गेले. शब्द राहिला.

पहिली तपासणी झाली. प्रयोगशाळेची मुलगी आली होती, रूपाली नावाची. वडील उधन्याच्या मिलमध्ये, मूळ घर भुसावळचं, ती स्वतः इथंच जन्मलेली, रसायन शिकलेली. लोखंडी शिडीनं ती तरातरा धुरांड्याच्या माच्यावर चढली. तिथं एक लहानशी खिडकी होती, झाकणाची. त्यातून लांब नळी आत घालून तिनं धूर ओढला, कागदावर गाळला. जाताना राखेचा, गाळाचा, धुळीचा नमुनाही नेला. आठ दिवसांनी उत्तर आलं: पारा जास्त, शिसंही थोडं जास्त.

प्रफुल्लभाईंनी कपाळाला हात लावला. लोटूला तर उलट स्फुरण चढलं.

"साहेब, भट्टीचा दोष नाही. भट्टीच्या तोंडात काय घालतो त्याचा दोष. जरी जाळताना आम्ही तांब्याची जरी वेगळी आणि चांदीची वेगळी करायचो. इथं सगळं एकाच पिशवीत!"

दुसऱ्या दिवसापासून लोटू सायकलवर सुरतभर. एकेक दवाखाना, एकेक नर्सिंग होम. हँडलला लोणच्याची बरणी टांगलेली, तळाशी पाणी, गोळा केलेला पारा उडू नये म्हणून. एका ठिकाणी सिस्टर म्हणाली, "थर्मामीटर फुटला तर आम्ही लाल पिशवीत टाकतो. जळून जातो ना?"

"सिस्टर, आग पारा खात नाही. पारा वर उडतो, गार होतो आणि परत खाली बसतो. आज तुम्ही टाकला, उद्या तुमच्याच गच्चीवरच्या पापडावर येऊन बसेल."

"हाय हाय! पापडावर?"

"पापडावर. आणि तळल्यावर दिसणारही नाही."

त्या सिस्टरनं त्याच क्षणी सगळ्या मजल्यांवर आरडाओरडा केला. आठवड्यात बरणी अशी जड झाली की सायकल एका अंगाला कलायची. पाऱ्यापाठोपाठ लोटूनं बॅटरीचे सेल वेगळे काढले, रंगाचे डबे, भडक रंगाचं प्लास्टिक, सगळं. फाटकाशी जाळीचं टेबल मांडलं. त्याचा जोडीदार हिलाल, शिंदखेड्याचा, लांब चिमट्यानं पिशव्यांचे ढीग लावी आणि लोटू त्यावर नजर ठेवी. घरी उषाबाई, म्हणजे लोटूची बायको, वेगळीच चौकशी करत होती.

"मनी लोनचानी बरनी कोठे गयी?"

"सरकारी कामले गयी."

"मंग सरकारले सांगा लोनचं टाकाले."

दुसरी तपासणी ठरली तेव्हा सगळे असे उत्साहात होते की जणू घरात पोराची मॅट्रिक. आणि पोरगं परीक्षेला निघालं की आपण काय करतो? कपाळाला टिळा लावतो. हिलाल म्हणाला, "लोटूदादा, परीक्षा चिमणीनी शे. टिळा कोनले लावाना? चिमणीलेच ना!" लोटूला हे एकदम पटलं. गावी म्हसोबाला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर वाटीभर घेऊन दोघं पहाटेच माच्यावर चढले. त्या खिडकीच्या झाकणाला, चौकटीला, आतल्या कडेला हातानं चोपडून शेंदूर फासला. वर नारळ फोडला. तेव्हापासून दर मंगळवारी एक हात नवा. पहिल्या दिवशी खाली उतरताना लोटूनं मागं वळून पाहिलं तर धुरांडं देवासारखं दिसत होतं.

रूपाली आली, नळी घातली, धूर ओढला, गेली.

उत्तर आलं आणि प्रफुल्लभाई कागद घेऊन फाटकापर्यंत धावत आले. "लोटूभाई, पारो पास! एकदम पास!"

"मग असे का दिसता?"

"शिसं... आ शुं थयुं, शिसं तीन गुना!"

लोटू खाली बसला. पिशव्या निवडल्या, सेल काढले, रंग काढले आणि शिसं तिप्पट? खाली प्रदूषण मंडळाचं पत्रही होतं: एक शेवटची तपासणी, पंधरा दिवसांनी. त्यातही शिसं जास्त निघालं तर धुरांड्याला सील. आणि भट्टी बंद झाली की कचरा कुठं जाणार हे लोटूला कुणी सांगायला नको होतं. परत खाडीवर. परत वस्तीच्या मागं. वर टोपलीवर उभा राहून दिलेला शब्द!

पण रडत बसेल तो लोटू कसला. त्यानं राख चाळायला घेतली. रूपालीला निरोप धाडला, ती राखेचे नमुने घेऊन गेली, चुन्याच्या पाण्याच्या गाळाचेही, पिशव्यांतल्या धुळीचेही. तिसऱ्या दिवशी ती परत आली ती कोड्यात पडलेली.

"काका, राखेत शिसं पहिल्या वेळेपेक्षा निम्म्यावर आलंय. गाळातही कमी, धुळीतही कमी. मग धुरात कसं वाढलं?"

लोटूचे डोळे लकाकले. "थांब पोरी. जरीच्या भट्टीत जेवढं आत जाई तेवढं कुठं ना कुठं निघायचंच. राखेत, कुंडीत नाहीतर धुरात. आता आत कमी गेलं, राखेत कमी, गाळात कमी, आणि धुरात जास्त? असं होत नसतं. म्हणजे हे शिसं भट्टीतून आलंच नाही!"

"मग कुठून आलं?"

"ते मला ठाऊक नाही," लोटू आनंदानं म्हणाला. "पण ते बाहेरून आलंय, एवढं लिहून घे."

आनंद आपला त्या दिवसापुरता. पुढचे चार दिवस लोटूनं सगळं धुंडाळलं. माच्याचा रंग खरवडला, पाइपांचे सांधे पाहिले. तपासणी तीन दिवसांवर आली. रात्री झोपेत तो "शिसं, शिसं" म्हणायचा आणि उषाबाई त्याला कूस बदलायला लावायची.

आणि मग, बरं का, उत्तर मिळालं ते धुण्याच्या दगडावर.

तपासणीच्या आदल्या दिवसाची सकाळ. उषाबाई त्याचा खाकी सदरा आपटत होती. आपटून आपटून तिनं तो लोटूच्या पुढ्यात टाकला.

"हाऊ डाग काय निंघत नही. काय लायं तुम्ही बाहीले?"

"देवना शेंदूर शे तो."

"देवना राहो नहीतर कोनाना राहो, चिकटीसनी बसना शे. हातले दखा मन्हा!"

तिनं हात पुढं केला. तळवा केशरी. लोटूच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. हा रंग त्यानं आणखी एके ठिकाणी पाहिला होता. दुसऱ्या तपासणीनंतर रूपालीनं ती लांब नळी कापसानं पुसली होती, आणि कापूस असाच झाला होता. ती म्हणाली होती, "गंज असेल." पण गंज कधी असा केशरी असतो का? गंज तपकिरी! लोटू ताडकन उठला, ओला सदरा तसाच खांद्यावर टाकला आणि सायकल काढली.

"अवं, तो वला शे!"

"पुरावा शे!" तो ओरडला आणि गेला.

रूपाली उद्याच्या तयारीसाठी त्या दिवशी भट्टीवर आलीच होती. लोटूनं तिच्यापुढं सदरा धरला.

"पोरी, खरं सांग. शेंदूर कशाचा करतात?"

रूपालीनं डागाकडं पाहिलं, मग वर धुरांड्याच्या खिडकीकडं, मग लोटूकडं.

"काका... शिसं हवेत भाजत ठेवलं की पिवळं होतं, आणखी भाजलं की लाल. तोच शेंदूर."

"पिवळं? म्हणजे मुर्दाडशिंग?" लोटूनं वर्षानुवर्षं जरीच्या भट्टीच्या कडेला जमणारी ती पिवळी खपली पाहिली होती. "म्हणजे शेंदूर त्या मुर्दाडशिंगाचा सख्खा भाऊ! अगं, अर्धं आयुष्य मी थोरल्या भावाला टाळत पळालो आणि धाकट्याला हातानं चोपडून आलो! नळी आत घालताना..."

"नळी चौकटीला घासून आत जाते. शेंदूर तिच्या तोंडाला लागला, तोच माझ्या कागदावर आला. काका, मला तो रंग दिसला होता. विचारावंसं वाटलं. पण देवाचं होतं आणि आमच्या घरी शेंदूर, देवपूजा असं काही नसतं. म्हटलं, मी बोलले तर तुम्हाला काहीतरी वाटेल. म्हणून गंज म्हटलं."

"अगं, माझ्या मिशीला ताक लागलं असतं तर सांगितलं असतंस की नाही?"

"सांगितलं असतं."

"मग हे तर नुसतं धुरांड्याच्या मिशीला लागलेलं!" आणि लोटू एवढ्यानं हसला की हिलाल चिमटा टाकून धावत आला.

हिलालला मात्र हसू आलं नाही. गोष्ट ऐकून तो दोन पावलं मागं सरला. "दादा, लायेल शेंदूर खरवडाना? देवना? माले नही जमाव. काही बरंवाईट व्हयनं म्हणजे?"

खोटं कशाला सांगा, हात लोटूचाही धजत नव्हता. पण पांडुरंगाची मनगटं त्याला दिसली. "हिलाल, चाल वर. निदान पाहू तरी."

तिघं माच्यावर चढले. आणि काय पाहतात, धुरांड्याच्या धगीनं आठवड्यांचा तो थर वाळून तडकला होता आणि झाकणापासून फुगून सुटत आला होता. अख्खाच्या अख्खा, पापुद्र्यासारखा! हिलालनं हात जोडले.

"दादा... खोळ!"

आता ज्यानं गावचा म्हसोबा पाहिला आहे त्याला हे सांगायला नको. वर्षानुवर्षं शेंदूर चढत जातो आणि एक दिवस देव आपणहून ती खोळ टाकून मोकळा होतो. तो दिवस सणाचा. हिलालच्या डोळ्यांत पाणी आलं. "देवले नको व्हता आठे शेंदूर. त्यानंच काढी टाका!" एका क्षणापूर्वी जो हात लावायला तयार नव्हता तोच आता सगळ्यांत पुढं.

रूपाली हसली नाही. तिनं चटकन प्लास्टिकचा कागद खाली पसरला, दोघांच्या तोंडाला फडकी बांधायला लावली, हातमोजे दिले. खोळ हलकेच उतरवली. उरलेली चौकट ओल्या फडक्यानं तीनदा पुसली, फडकीसुद्धा त्याच कागदात.

"चला, तापीत शिरवू," हिलाल म्हणाला.

"दादा, तापीचं पाणी अख्खी सुरत पिते," रूपाली म्हणाली.

हिलाल थबकला. शिरवल्याशिवाय खोळ ठेवायची कुठं? लोटूनं पिशव्यांतल्या विषारी धुळीचं झाकणबंद पिंप दाखवलं, जे काँक्रीटच्या खड्ड्यात कायमचं पुरायचं होतं. "भुईत ठेवलं तरी शिरवणंच." हिलालनं खोळ आत ठेवली, झाकण घट्ट केलं आणि वर नारळ वाढवला. प्रफुल्लभाई तेवढ्यात आले आणि पिंपावर नारळ पाहून म्हणाले, "आ शुं चाले छे? मुहूर्त?"

लोटूनं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. प्रफुल्लभाईंचा चहा पहिल्यांदाच गार झाला.

"चालो, चालो, कुणाला बोलू नका. उद्या पास झालं की झालं. आणि कागदावर," ते रूपालीला म्हणाले, "मागच्या वेळचं कारण लिहा, 'बाहेरचा रंग लागला'."

रूपालीनं पेन काढलं. लोटूनं तिचा हात थांबवला.

"रंग लिहू नको. शेंदूर लिही. लोटूनं लावला असं लिही."

"लोटूभाई, मंडळ विचारील. तुमची मुकादमी जाईल!"

"साहेब, उद्या दुसऱ्या कुठल्या भट्टीवर कुणी हिलाल, कुणी लोटू असाच टिळा लावील. त्यांना 'रंग' वाचून काय कळणार? शेंदूर वाचला तर कळेल. मुकादमीचं पाहू. पण वस्तीला मी शब्द दिलाय, आणि शब्दाला असा बट्टा लावून चालत नाही."

रूपालीनं लिहिलं. जसं सांगितलं तसं.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, मंडळाच्या माणसासमोर. त्यानं कागद वाचला, लोटूकडं पाहिलं, परत कागद वाचला आणि मिशीतल्या मिशीत काहीतरी म्हणाला ते कुणाला ऐकू आलं नाही. हिलालनं झेंडूचं फूल आणलं होतं. रूपालीनं नकारार्थी मान हलवली. मग ते फूल फाटकाला लागलं.

पुढचे सहा दिवस लोटू जेवायला बसला की भाकरी हातात घेऊन विसरायचा. सातव्या दिवशी दुपारी ऑफिसातल्या फॅक्सनं घरघर केली. प्रफुल्लभाईंनी कागद ओढायला घेतला, तो अर्ध्यावर अडकला. फक्त पाऱ्याची ओळ बाहेर. लोटू म्हणाला, "ओढू नका साहेब, फाटेल!" हिलाल म्हणाला, "ओढा!" मग तो आपणहूनच सरकला, एकेक ओळ, आणि शेवटी शिशाची.

मर्यादेच्या खाली. पहिल्या वेळेपेक्षासुद्धा निम्म्यानं कमी.

प्रफुल्लभाईंनी लोटूला मिठी मारली, टेबलावरचा चहा सांडला, फॅक्सवर सांडला. तो डाग पडलेला कागद त्यांनी मंडळाला तसाच पाठवला. मुकादमीला काही झालं नाही. मंडळाच्या माणसानं पुढच्या वेळी येताना एक छापील सूचना आणली, माच्याच्या पायथ्याशी लावायला: खिडकीला कोणताही रंग, तेल, शेंदूर लावू नये. लोटूनं ती स्वतः ठोकली.

त्या संध्याकाळी त्यानं निघताना फाटकाशेजारच्या कुंडीत हातपाय धुतले. ही कुंडी त्यानंच बांधून घेतली होती, जरीवाल्यांसारखी. तिचं पाणीही गाळासाठी राखून ठेवायचे. आज मात्र त्यानं हात दोनदा धुतले आणि नखं उन्हाकडं धरून पाहिली. स्वच्छ. मग सायकल पर्वत पाटियाच्या रस्त्याला लावली, हँडलला उषाबाईसाठी घेतलेली नवी कोरी बरणी.

वस्तीच्या चौकात माणसं वाट पाहतच होती. कुणीतरी ओरडलं, "काय व्हयनं, लोटूदादा? पास का नापास?"

लोटू सायकलवरून उतरला. उभं राहायला टोपली शोधली, मिळाली नाही, तेव्हा ओट्यावर चढला.

"चिमणी पास! मधल्या येळे नापास व्हयना व्हता तो मी!"

"काय?"

"बसा, बसा. पहिल्यापासून सांगतो," लोटू म्हणाला. सगळे खाली बसले. घरातून उषाबाई जेवायला बोलावत होती, पण जरीच्या भट्टीपासून सुरुवात झाली होती, आणि शालूच्या पदराची गाठ अजून सुटायची होती.